त्रिलोकेकरांचा अंगठा

मनमोहन त्रिलोकेकरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कमरेपर्यंत उघडा होतो, उजव्या खांद्याला चार वायरी चिकटवलेल्या होत्या आणि पाचशे मुंग्या एकाच वेळी त्या खांद्यावर लेझीम खेळत होत्या. पडदा सरकला. आधी एक काठी आत आली. मग एक चष्मा आला. मग बऱ्याच वेळाने, सगळीकडे शांत आहे अशी खात्री पटल्यावर, चष्म्यामागचा माणूस आला. चंद्रावर पाणी आहे का ते शोधणाऱ्यांनीसुद्धा चंद्राकडे इतकं निरखून पाहिलं नसेल, इतकं त्यांनी माझ्या खांद्याकडे पाहिलं. एक वायर काठीने हलवून पाहिली. मला वाटतं, तेवढ्या वेळात बाहेर एक ऋतू बदलला असावा.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "किती देते?"

"कोण?"

"ती. डॉक्टरीण. इथे असं पडून राहायचे तुम्हाला किती देते?"

"अहो, मी देतो तिला!"

"असं सांगायला सांगितलंय," त्यांनी मान डोलावली. "हात वर करा बघू."

मी केला. तो कानाच्या बराच खाली अडला आणि मी कळवळून ओरडलो.

"ओरडता छान," ते म्हणाले. "नाटकात होता?"

आणि खिशातून एक लहानशी डायरी काढून त्यांनी माझ्यासमोर लिहिलं. मला उलटं वाचता येतं, त्यामुळे तो मजकूर मी आजन्म विसरणार नाही. 'पेठे. वय पन्नाशी. खांदा. संशयास्पद.'

माझा खांदा कशाने आखडला हे मी इथे सांगणार नाही. कॅरम खेळून खांदा आखडतो यावर डॉक्टरांचाही विश्वास बसला नव्हता, तुमचा बसेल अशी आशा नाही. पण त्या खांद्यामुळे मी प्रभादेवीच्या एका गल्लीत, हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर असलेल्या वैदेही कर्णिक नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून तीनदा जाऊ लागलो, आणि तिथे मला गुडघ्याच्या उपचाराला येणारे त्रिलोकेकर लाभले. पेशंट भाड्याने आणून बसवायचे आणि दवाखाना चालतोय असं दाखवायचं, असा त्यांचा वैदेहीवर पहिला आरोप होता. पुढे आरोप वाढत गेले. गरम पाण्याची पिशवी शेवटच्या पाच मिनिटांत मुद्दाम गार होते. भिंतीवरचं घड्याळ चालतं पण सेकंदकाटा अडखळतो. ती दहा वेळा पाय हलवायला सांगते आणि आठच मोजते. मशीनचा नंबर त्यांनी उतरवून घेतला होता. टॉवेल घरून आणायचे. थर्मामीटरही घरून आणायचे, तो कशासाठी ते कोणालाच कळलं नाही, पण एकदा तो गरम पाण्याच्या पिशवीत खुपसलेला मी पाहिला आहे.

यात त्यांचा दोष नाही, हे मी त्यांच्या वतीने सांगतो. त्रिलोकेकर हे जुन्या मुंबईच्या पाठारे प्रभू घराण्यातले, उंच, गोरे, पंचाहत्तरीतही शर्टाच्या कॉलरला घडी असलेले गृहस्थ. चौतीस वर्षं ते एका विमा कंपनीच्या क्लेम्स खात्यात होते. जगातला प्रत्येक माणूस आपल्याकडे खोटा दावा घेऊन येतोय, असं समजण्याचा त्यांना पगार मिळत असे. हिंदमातेच्या एका साडीवाल्याने एकदा पुराच्या पाण्यात चारशे साड्या भिजल्याचा दावा केला होता. त्रिलोकेकरांनी दोन दिवस दुकानात बसून साड्या उलगडल्या आणि अहवाल दिला की तीनशे साठ साड्या वरून भिजल्या आहेत आणि पूर वरून येत नाही. ही गोष्ट ते अजून सांगतात. सांगताना समोरच्याचे कपडेही बघून घेतात.

असा माणूस निवृत्त झाला की काय करणार? त्यांच्या इमारतीच्या लिफ्टचं सर्टिफिकेट त्यांना पटलं नव्हतं, म्हणून ते तीन मजले चढून जायचे. पावलं मोजायला त्यांच्याकडे दोन फोन होते, एक डाव्या खिशात आणि एक उजव्या. रोज संध्याकाळी दोघांचे आकडे ताडून पाहायचे आणि फरक आला की दोघांनाही म्हणायचे, "खोटारडे!"

पण त्या वर्षी पावलं मोजायला खरं कारण होतं. त्या कारणाचं नाव बेबीकाकू.

बेबीकाकू म्हणजे त्यांची पत्नी. वय त्र्याहत्तर, उंची त्रिलोकेकरांच्या कोपराएवढी, आणि चालण्याचा वेग असा की भाजीवाला भाव सांगेपर्यंत त्या पुढच्या गाडीपाशी पोचलेल्या असत. प्रभादेवीतलं एक क्रीडा मंडळ दर जानेवारीत सत्तरीपुढच्या नवरा-बायकोंसाठी 'जोडीची चाल' नावाची स्पर्धा घेतं. मंडळाच्या मैदानापासून कॅडल रोडने शिवाजी पार्कापर्यंत जायचं आणि परत यायचं, चार किलोमीटर. नियम एकच. जोडीने निघायचं आणि शेवटची फीत जोडीने ओलांडायची. काकूंना तीन वर्षं यात भाग घ्यायचा होता. पहिल्या वर्षी त्रिलोकेकर म्हणाले, हे निवडणुकीचं नाटक आहे. दुसऱ्या वर्षी म्हणाले, टी-शर्टाचा साइज आधी का विचारतात? तिसऱ्या वर्षी ते काही म्हणण्याच्या आत काकूच म्हणाल्या, "यंदा आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. नाही आलात तर मी एकटी चालेन. लोक विचारतील, नवरा कुठाय? मी सांगेन, घरी बसलाय. संशय घेतोय."

पन्नास वर्षांत या बाईने आपल्याकडे दुसरं काही मागितल्याचं त्रिलोकेकरांना आठवेना. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, तेही इकडेतिकडे बघून. त्यांनी नवे बूट घेतले. ऑक्टोबरअखेर चालायला सुरुवात केली. आठवड्याने एका सोमवारी सकाळी त्यांना जाग आली ती उजव्या पायाच्या अंगठ्याच्या ठणक्याने. अंगठा लालबुंद, तकतकीत सुजलेला. पांघरुणाचं टोक लागलं तरी जीव जाईल असा. त्यांनी पहिला संशय बुटांवर घेतला, दुसरा बूटवाल्यावर, आणि तिसरा संशय घेण्यासाठी ते लंगडत वैदेहीकडे आले.

वैदेहीने अंगठा पाहिला आणि म्हणाली, "काका, हे चालण्याने झालेलं दिसत नाही. आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासा, युरिक अॅसिड बघा."

झालं! लॅबचं नाव तिने सुचवलं नव्हतं, हीच त्यांना सर्वांत मोठी चलाखी वाटली.

"नाव घेत नाही, म्हणजे सगळ्याच लॅब तिच्या," ते मला पडद्याआडून म्हणाले.

"काका, मला ऐकू येतंय," वैदेही म्हणाली.

"ऐकू यावं म्हणूनच बोललो. रक्त देणार नाही."

"बरं. मग मासे, मटण तरी बंद करा. आणि रोज काय खाता ते लिहून आणा, खरं खरं."

'खरं खरं' हे शब्द त्यांना झोंबले. ज्या माणसाने चौतीस वर्षं लोकांची खोटी कागदपत्रं पकडली, त्याला कालची पोरगी खरं लिहायला सांगते! त्यांनी दुसऱ्या दिवसापासून अशी डायरी ठेवली, की न्यायालयात पुरावा म्हणून चालावी. मला त्यांनी ती दाखवली. सोमवार, वरणभात. मंगळवार, दुधी, दोन पोळ्या. बुधवार, वांगं-बटाटा. गुरुवार, उपास. शुक्रवार, पडवळ. रविवार, कोबीचं भानोलं. वाचता वाचता मला डोळ्यांसमोर एखादा मठ दिसायला लागला.

वैदेही ती पानं उलटून गोंधळली. असा आहार घेणाऱ्याला युरिक अॅसिडचा त्रास? तिने पुन्हा सांगितलं, रक्त तपासा. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. मग तिने निदान सूज उतरेपर्यंत पूर्ण आराम सांगितला, आणि ती उतरल्यावर एक दिवस चाल, एक दिवस विश्रांती.

"विश्रांती हासुद्धा व्यायामच आहे, काका. स्नायू चालताना नाही, विश्रांतीत सावरतात."

"असं म्हणणारे चार कारकून होते माझ्या हाताखाली," त्रिलोकेकर म्हणाले.

सूज उतरली. ते चालायला लागले. दोन आठवड्यांनी परत एका सोमवारी अंगठा पेटला. डिसेंबरात तिसऱ्यांदा, पुन्हा सोमवारी. आता मात्र त्रिलोकेकरांचे डोळे चमकले. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. एव्हाना माझ्यावरचा संशय थोडा सैल झाला होता, कारण भाडोत्री पेशंट एवढे दिवस टिकत नाही असा त्यांचा अनुभव असावा.

"मिस्टर पेठे, माझी इथली वेळ कधी असते?"

"शनिवारी."

"शनिवारी ही करंट देते. सोमवारी अंगठा सुजतो. तीन वेळा. विम्यात आम्ही याला योगायोग म्हणत नव्हतो."

"पण करंट गुडघ्याला देते ती!"

"वायरीतनं कुठे जातो, कोणी पाहिलंय?"

तुम्ही हसाल. मीही हसलो, पण त्या रात्री घरी गेल्यावर मी माझ्या खांद्याचं वेळापत्रक तपासलं. अशा माणसाबरोबर बसलं की हे होतं. पुढचे पंधरा दिवस मी बायकोवर, उशी बदलल्याचा संशय घेत होतो. उशी तीच होती. अभ्रा बदलला होता.

जोडीच्या चालीला महिना उरला होता आणि त्रिलोकेकर काठी घेऊन चालत होते. बेबीकाकूंनी फॉर्म आणून ठेवला होता. त्यावर दोन फोटो चिकटवायचे होते. काकूंनी आपला चिकटवला होता, शेजारची चौकट रिकामी होती. तो फॉर्म फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेला होता आणि पाणी प्यायला गेलं की तो दिसायचा. "हिने मुद्दाम तिथे लावलाय," ते मला म्हणाले. या एका संशयात मात्र तथ्य होतं.

मग एके दिवशी त्यांनी मला रविवारी जेवायला बोलावलं. मी हुरळून गेलो. पाठारे प्रभूंच्या घरचं जेवण म्हणजे काय हे दादरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या घरी मासे शिजत नाहीत, पण घराबाहेर मी कोणाचं मन मोडत नाही. दारात काकूंनी स्वागत केलं आणि हळूच सांगून टाकलं, "तुमचा खांदा बघायला बोलावलंय हो त्यांनी. म्हणतात, बेसावध असताना हात किती वर जातो ते कळेल."

आत मीठ सर्वांत वरच्या फळीवर ठेवलेलं होतं आणि त्रिलोकेकर म्हणत होते, "या या! तेवढं मीठ काढता का?"

मी डाव्या हाताने काढलं. त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं.

पानं वाढली. दुधीची भाजी, पडवळ आणि रविवार म्हणून कोबीचं भानोलं, वड्या पाडलेलं, खरपूस. मठातलं जेवण, मी मनात म्हटलं, आणि दुधीचा पहिला घास घेतला. थांबलो. दुसरा घेतला. मग भानोल्याची वडी मोडून पाहिली.

"काकू, ही दुधी?"

"दुधीच. का, आवडली नाही?"

"आवडली. पण यात कोळंबी आहे."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चौपाटीवर उभं राहून 'इथे पाणी आहे' असं म्हणालो होतो.

"करंदी आहे ती, बारीकशी. दुधीत कोण कोळंबी घालतं? कोळंबी भानोल्यात."

"आणि पडवळात?"

"पडवळात करंदी. वांग्यात सुकी करंदी. सोमवार-गुरुवार सोडून हं, ते वार आम्ही पाळतो."

"पण मासे बंद केलेत ना त्यांचे?"

"म्हणजे काय! पापलेट बंद, सुरमई बंद, बोंबील बंद. दीड महिना झाला, तव्याला तेल दिसलं नाही. बिचारे नुसती भाजी खातायत."

"ही भाजी?"

"मग नुसती दुधी काय खायची? नुसती दुधी आजारी माणूस खातो!"

"काकू, ते आजारीच आहेत."

त्रिलोकेकरांचा घास हातात राहिला होता आणि घासात एक गुलाबी कोळंबी वाकून बसली होती. तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

"मिस्टर पेठे," ते थंडपणे म्हणाले, "तुम्हाला तिने पाठवलंय."

"काका, मला तुम्ही बोलावलंत!"

"तेच तर," ते म्हणाले, आणि घास खाली ठेवला.

पुढचे दहा दिवस ते दवाखान्यात फिरकले नाहीत. मला वाटलं, माणूस गेला हातचा. अकराव्या दिवशी ते आले. हातात तीच डायरी होती, पण आता तिच्यावर लाल शाई उमटली होती. प्रत्येक दुधीपुढे कंसात 'क.' लिहिलेलं. प्रत्येक भानोल्यापुढे 'को.', आणि सुजलेल्या सोमवारांचा आदला रविवार भानोल्याचा. चाळीसाहून अधिक दिवसांची पानं त्यांनी काकूंना समोर बसवून, उलटतपासणी घेऊन दुरुस्त केली होती. शेवटच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात निकाल होता. 'अर्जदाराने महत्त्वाची माहिती दडवली. हेतू, नाही. परिणाम, तोच. दावा नामंजूर.' खाली सही. स्वतःचाच दावा फेटाळणारा अधिकारी मी दुसरा पाहिलेला नाही.

"आणि रक्त?" वैदेहीने विचारलं.

त्यांनी तीन कागद टेबलावर ठेवले. एक लॅब दादरची, एक परळची आणि एक अँटॉप हिलची. युरिक अॅसिड सातच्या आत हवं. नऊ पॉइंट दोन. नऊ पॉइंट तीन. नऊ पॉइंट दोन.

"तिघं एकमेकांना ओळखत नाहीत," त्रिलोकेकर पडलेल्या आवाजात म्हणाले. "मी चौकशी केली."

ते कागद घेऊनच ते त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन आले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, करंदी कमी करा हे बरं, पण सगळा दोष करंदीचा नाही. हे आम्ल मुळात तुमचं शरीरच तयार करतं आणि बाहेर टाकायला आळस करतं, तेव्हा गोळी घ्यावी लागेल, नेमाने.

"म्हणजे बघा," ते मला म्हणाले, "माझं शरीरसुद्धा सामील आहे."

पण मला आठवतंय ते त्यानंतरचं बोलणं. वैदेही दुसऱ्या पेशंटकडे गेली होती. मी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही थर्मामीटर लावून पिशवी तपासता, दोन फोन ठेवता. ताटात काय आहे हे कधीच कसं बघितलं नाहीत?"

ते जरा चिडलेच. "ताटात काय बघायचं? ताट ती वाढते."

बस, एवढंच. पन्नास वर्षांत त्या माणसाने जगात एकच जागा बिनतपासणीची ठेवली होती, आणि नेमका तिथूनच अंगठा सुजला होता. काकूंनाही ते लागलं असावं. त्या आठवड्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नुसती दुधी केली. "कशी झाली?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "झाली कसली? उकडली." पण तीच वाढत राहिल्या आणि स्वतःही तीच खाल्ली. करंदी फक्त बुधवारी, चमच्याने मोजून, आणि मोजायला त्रिलोकेकर स्वतः ओट्यापाशी उभे.

गोळ्यांनी आणि दुधीने अंगठा निवला. एक दिवस चाल, एक दिवस विश्रांती, असं ते शहाण्यासारखं करू लागले. काठी सुटली. विश्रांतीच्या दिवशी खिशातले दोन्ही फोन शून्य-शून्य दाखवायचे आणि पहिल्यांदाच त्यांच्यात एकमत झालं. फ्रिजवरच्या फॉर्मवर दुसरा फोटो लागला. तो पासपोर्टचा होता. त्यातही ते फोटोग्राफरकडे संशयानेच बघत होते.

स्पर्धेच्या रविवारी सकाळी मी मुद्दाम शिवाजी पार्काच्या वळणापाशी जाऊन उभा राहिलो, कारण तिथे जोड्या परत फिरणार होत्या. माझा हात आता कानापर्यंत जात होता आणि मला तो कोणासाठी तरी हलवून दाखवायचा होता. जोड्या येऊ लागल्या. आणि त्यांच्यात आमची जोडी! काकू पांढऱ्या टोपीत, त्रिलोकेकर इस्त्रीच्या टी-शर्टात, आणि दोघांनी एकमेकांचा हात धरलेला. त्यांचा पाय सरळ पडत होता, लंगडणं नाही, कण्हणं नाही. मी हात वर करून ओरडलो. त्यांनीही हात वर केला आणि माझा हात नक्की किती वर गेलाय ते बघून घेतलं.

वळणावर मंडळाने लिंबू सरबताचं टेबल मांडलं होतं. एका मुलीने दोन पेले पुढे केले. काकूंनी एका घोटात संपवला. त्रिलोकेकरांनी पेला उजेडाकडे धरला.

"पाणी कुठलं?"

"बाटलीचं आहे, आजोबा."

"बाटली दाखवा."

"चला हो!" काकू म्हणाल्या.

"एक मिनिट, बेबी. सील बघतो फक्त."

काकूंनी त्यांचा हात दोनदा ओढला. मग सोडला. त्या निघाल्या, त्यांच्या नेहमीच्या वेगाने, आणि कॅडल रोडच्या गर्दीत ती पांढरी टोपी दिसेनाशी झाली. त्रिलोकेकर टेबलाखाली वाकून, जारच्या बुचावरची तारीख वाचत होते.

बेबीकाकू एकावन्न मिनिटांत फितीपाशी पोचल्या आणि ती ओलांडून गेल्या. त्रिलोकेकर सात मिनिटांनी आले. नियमाप्रमाणे जोडी बाद झाली.